पूर्वज वॉशिंग्टनच्या सैन्यात होता? पेन्शनची फाइल काढा

माझा नवरा अमेरिकन. त्यांच्या घराण्यातला कुणीतरी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता, एवढंच सासूबाईंना ठाऊक. तुमच्याकडेही असा धागा असेल तर सुरुवात पेन्शनच्या फाइलीपासून, म्हणजे सैनिकाने किंवा त्याच्या विधवेने पेन्शनसाठी केलेल्या अर्जाच्या कागदांपासून करा. युद्धखात्याचे बरेच मूळ कागद १८०० च्या आगीत जळाले, म्हणून ही खाण मोलाची. फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, ऑनलाइनही दिसतात.

आधी फाइलीच्या क्रमांकाआधीचं अक्षर बघा. ‘एस’ म्हणजे सैनिकाचा स्वतःचा अर्ज, ‘डब्ल्यू’ म्हणजे विधवेचा, ‘आर’ म्हणजे फेटाळलेला. फेटाळलेलाही वाचाच. सारख्या नावाचे अनेक असतात, तेव्हा काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) आणि रेजिमेंट जुळवून घ्या.

१८२० च्या सुमारास पेन्शनसाठी गरिबी सिद्ध करायला घरातली चीजवस्तू लिहून द्यावी लागे. आमच्या माणसाची यादी: एक गाय, दोन जुन्या खुर्च्या, एक किटली. वाचताना घसा दाटला.

पण कुटुंब भेटतं ते विधवेच्या फाइलीत. लग्नाचा पुरावा म्हणून कित्येकींनी घरच्या बायबलचं पान फाडून जोडलं. आमच्या पानावर नऊ मुलांची नावं निघाली, दोघांपुढे मृत्यूची तारीखही. ती नावं मी सासूबाईंना फोनवर एकेक करून वाचून दाखवली.