डेव्हलपर बदलण्याआधी टँकमध्ये थर्मामीटर घाला

घरी कृष्णधवल फिल्मचा रोल धुवायला लागलं की पहिला प्रश्न हाच, डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, कुठला घेऊ? मीही हेच विचारत फिरले, एका उन्हाळ्यात तीन डेव्हलपर बदलले आणि सात रोल घालवले, त्यातला एक आजीच्या पंचाहत्तरीचा होता आणि ते अजून मनातून जात नाही. म्हणून लिहितेय. टँकच्या रिळावर फिल्म भरणं, चेंजिंग बॅग (त्यासाठीची अंधारी पिशवी), फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) हे तुम्हाला येतं असं धरते.

आधी सरळ उत्तर. एचपी फाइव्ह किंवा ट्राय-एक्स या ४०० आयएसओच्या फिल्म वापरत असाल तर डी-७६ घ्या, नाहीतर आयडी-११, दोन्ही जवळपास एकच. डी-७६ १९२७ पासून आहे, आत मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट आणि बोरॅक्स. पावडर ५०-५५ अंशांच्या पाण्यात विरघळवा, हातमोजे घाला कारण मेटॉल काहींच्या कातडीला अजिबात सोसत नाही, आणि काठोकाठ भरलेल्या बाटलीत ठेवा, सहाएक महिने जातं. रोडिनल त्याहून जुनं, १८९१ चं, बाटली उघडली तरी वर्षानुवर्षं टिकतं, महिन्याला एखादाच रोल काढणाऱ्याला सोयीचं, पण ४०० च्या फिल्मवर ग्रेन, म्हणजे चित्रातले दाणे, चांगलाच दिसतो. एचसी-११० पूर्वी पाकासारखं घट्ट यायचं आणि टिकायचंही, पण डायल्यूशन बी मध्ये (पाणी घालायचं ठरलेलं प्रमाण) एचपी फाइव्हला २० अंशांवर पाचच मिनिटं लागतात आणि बडोद्याच्या मे महिन्यात घोळ तिथेच होतो. पाणी कोमट असलं की ती पाचाची तीन होतात आणि एवढ्या कमी वेळात फिल्मवर डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही, आभाळात पट्टे येतात.

आता माझी चूक. नीट वाचा, कारण मी काळजीपूर्वक काम करत होते आणि तरी चुकत होते.

आमचं घर दांडिया बाजारात, वरचा मजला, गच्चीवरची टाकी दिवसभर तापलेली. मेमध्ये नळाला येतं ते पाणी जवळजवळ चहाला चालेल असं. मी काय करायचे, स्टीलच्या पातेल्यात बर्फ, त्यात डेव्हलपरचा जग, थर्मामीटरची लाल रेघ बरोबर २० वर आली की ओतायचं. वेळांच्या तक्त्यात आयडी-११ एकास एक (जेवढं डेव्हलपर तेवढंच पाणी), एचपी फाइव्ह, १३ मिनिटं, म्हणून १३ मिनिटं. निगेटिव्ह काळ्याकुट्ट. सुरसागर तलावातल्या शंकराच्या मूर्तीमागचं आभाळ इतकं दाट की निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरली तरी आरपार दिसेना. मला वाटलं डेव्हलपर तेज आहे, दुसरं आणलं, मग तिसरं.

कळलं ते एकदा सहज ओतून काढलेल्या डेव्हलपरमध्ये थर्मामीटर घातला तेव्हा. २७! जगमधलं डेव्हलपर २० वर होतं हो, पण टँक (फिल्म धुवायचा बंद डबा) आणि रीळ खोलीत पडून ३६ अंशांवर बसलेले. ओतल्याबरोबर तीनेक अंश चढतात, मग १३ मिनिटं गरम हातांनी टँक उलटापालटा करायचा, खोलीत पंखा नाही. म्हणजे सरासरी २४-२५ अंशांवर मी पूर्ण १३ मिनिटं देत होते, जिथे २४ ला नऊच पुरतात. चार मिनिटं जास्तीची, प्रत्येक रोलला. यात डेव्हलपरचा काहीच दोष नव्हता.

म्हणून उन्हाळ्यात २० चा हट्ट सोडा. २४ वर काम करा, वेळ त्याप्रमाणे कमी करा, आणि टँक, डेव्हलपर, फिक्सर, धुवायचं पाणी सगळं एका बादलीत २४ वर अर्धा तास ठेवा. एजिटेशनच्या, म्हणजे टँक उलटापालटा करण्याच्या, मधल्या वेळात टँक परत बादलीत. एकास एकच वापरा, १५० मिली स्टॉक (पावडरचं मूळ द्रावण) १५० पाणी, वेळ हातात राहतो, आणि एका वापरानंतर टाकून द्या. साठवून परत वापरायची काटकसर नवशिक्याने करू नये, हे माझं पक्कं मत.

कोरी फिल्म आली तर घाबरू नका. फिल्मच्या कडेला कंपनीने टाकलेले आकडे उमटलेत का बघा. उमटले असतील तर डेव्हलपर ठीक, कॅमेऱ्यात काहीतरी झालंय. आकडेही नसतील तर बहुतेक डेव्हलपर मेलेलं आहे. पुढच्या वेळी आधी लीडरचा (रोलच्या बाहेर आलेल्या टोकाचा) तुकडा उजेडातच डेव्हलपरमध्ये बुडवून बघा, काळा व्हायलाच पाहिजे.

शिकवणाऱ्यांबद्दल एक सांगते. मला एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी सांगितलं होतं, थर्मामीटर कशाला, बोट बुडवून कळतं. त्यांना कळत असेल, त्यांचे चाळीस वर्षांचे हात. आपल्याला नाही कळत. जो स्वतःच्या बिघडलेल्या निगेटिव्ह दाखवतो त्याच्याकडून शिका. आणि कॉफी-सोड्याचे घरगुती डेव्हलपर मजेसाठी नंतर करा, सुरुवात त्याने नको, काय चुकलं ते शोधता येत नाही.

आपल्या बडोद्याचे चित्रकार आणि छायाचित्रकार ज्योती भट्ट यांनी गावोगावी भिंतींवरच्या चित्रांचे कृष्णधवल फोटो काढलेत, ते एकदा शांतपणे बघा. मातीच्या भिंतीवर पांढरी रेघ, आणि त्या पांढऱ्यातही पोत दिसतो. माझ्या पहिल्या सात रोलमध्ये तेवढंच नव्हतं.

आठवा रोल मी बादलीत धुतला. सुरसागरचाच, तीच मूर्ती, तीच दुपार. मागे ढग होते, ते तेव्हा पहिल्यांदा दिसले.