एसएसडी दिसते, पण विंडोज उठत नाही

ठाणे-नवी मुंबईच्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यात डेस्कटॉप सपोर्टला लागलात की हा कॉल येणारच. नवी एसएसडी टाकली, विंडोज चाललं, जुनी हार्ड डिस्क काढली आणि स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस'. लगेच 'एसएसडी गेली' म्हणून मोकळे होऊ नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) तिचं नाव दिसतंय का ते बघा. नसेल तर स्लॉट तपासा. एम डॉट टूच्या, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसते त्या, काही स्लॉटमध्ये फक्त एनव्हीएमई या वेगवान प्रकारची चालते, जुन्या साटा प्रकारची बसते पण दिसत नाही. तारीख मागे गेली असेल तर सीमॉस सेल (मदरबोर्डचं घड्याळ चालवणारा) बदला, बायोसमधला साटा मोडही (डिस्कशी बोलायची पद्धत) बघून घ्या.

नाव दिसतं तरी उठत नाही, इथे खरा घोळ. याने मला रडवलंय, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली असेल आणि तिच्यावर आधीचं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फायलींचा छोटा कप्पा) असेल, तर सेटअप बूटच्या फायली बऱ्याचदा तिथेच टाकतो. म्हणजे विंडोज एसएसडीवर, त्याला उठवणारा बूट मॅनेजर हार्ड डिस्कवर. दोन्ही जोडलेल्या असेपर्यंत मशीन सुसाट, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. 'कालपर्यंत चालू होतं' हे कस्टमरचं म्हणणं खरं असतं, आणि आपण केबल, रॅम बदलत बसतो.

जुनी डिस्क परत जोडा. उठलं तर हेच दुखणं. घाबरू नका, डेटा जागेवर असतो. फक्त ती जुनी डिस्क कुणाला फॉरमॅट करू देऊ नका!

आता डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईएफआय पार्टिशन कुठल्या डिस्कवर आहे ते बघा. एसएसडी जीपीटी (डिस्क विभागायची नवी पद्धत) असेल तर बॅकअप घ्या, सी ड्राइव्ह २००-३०० एमबीने श्रिंक करा, डिस्कपार्ट कमांडने तिथे ईएफआय पार्टिशन करून फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, अक्षर द्या. मग बूटच्या फायली तिथे टाकणाऱ्या बीसीडीबूट कमांडला विंडोजचं फोल्डर आणि ते अक्षर सांगा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हातात आल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

यूट्यूबवरच्या 'फिक्सएमबीआर' कमांडच्या नादी लागू नका, यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) मशीनला त्याचा उपयोग नाही. सीनियर 'फॉरमॅट मार' म्हणेल. माझ्या मते तो आळस आहे. सी ड्राइव्हवरचा टॅलीचा डेटा जातो, आणि जुनी डिस्क जोडलेलीच राहिली तर घोळ पुन्हा तोच. विंडोज टाकण्याआधी तिची साटा केबल काढा, सेटअप संपल्यावर लावा, कस्टमर डोक्यावर उभा असला तरी.