गिझरचे पाणी कोमट का येत होते?

पावसाळ्यात आमच्या डिचोलीच्या घरातील २३० व्होल्ट, २००० वॅटचा गिझर पाणी नीट तापवेनासा झाला, तेव्हा इलेक्ट्रिशियनने कॉइल बदलण्याचा सल्ला दिला. मात्र त्याआधी मोजमाप करावे, असा आग्रह मी धरला. करंट मोजणारा क्लॅम्प मीटर केवळ फेजच्या वायरभोवती लावावा लागतो, कारण दोन्ही वायरी एकत्र धरल्यास तो शून्य दाखवतो. गिझर चालू असताना त्याच्या टोकांशी २०४ व्होल्ट आणि ७.७ अँपिअर मिळाले. व्होल्टेजला करंटने भागल्यावर रोध सुमारे २६.५ ओहम आला; २३० व्होल्ट, २००० वॅटच्या कॉइलचा रोध (२३० × २३० ÷ २०००) तेवढाच असतो, म्हणजे कॉइल अगदी निर्दोष होती. व्होल्टेज आणि करंटचा गुणाकार, म्हणजे गिझरला मिळणारी वीज, मात्र अवघी १५७१ वॅट भरली.

त्याच वेळी मुख्य बोर्डावर २२८ व्होल्ट होते. वाटेत हरवलेल्या २४ व्होल्टला ७.७ ने भागले, तर वायरिंगमध्ये ३.१ ओहमचा रोध निघतो आणि तिथे १८५ वॅट निव्वळ उष्णता होऊन जातात, जे कोमट पाण्याच्या तक्रारीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. मेन स्विच बंद करून वायरी जोडलेला जंक्शन बॉक्स उघडला, तर तांब्याचा पीळ हिरवट पडलेला आणि वरचे आवरण करपून तपकिरी झालेले दिसले. इलेक्ट्रिशियनने खराब भाग कापून नवा कनेक्टर बसवला. आता २२५ व्होल्टला ८.५ अँपिअर, म्हणजे सुमारे १९१२ वॅट मिळतात.