आईला अलिबागला नेताय? मी केलेल्या या चुका टाळा

गावाकडून आई-वडील मुंबईत आले की पहिले दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी ते गॅलरीतून खालच्या पार्किंगकडे बघत बसतात आणि आपल्याला उगाच अपराधी वाटायला लागतं. मग आपण म्हणतो चला, अलिबागला जाऊन येऊ, जवळच आहे. मीपण तेच केलं. आई लातूरची, वय 71, गळ्यात तुळशीची माळ, उजवा गुडघा गेलेला. लातूर एक्स्प्रेसने शुक्रवारी सकाळी सीएसएमटीला उतरली आणि शनिवारी सकाळी आम्ही तिला बोटीत बसवायला निघालो, म्हणजे पहिली चूक इथेच झाली, रात्रभर गाडीत अवघडलेलं माणूस निदान एक दिवस तरी झोपू द्यायला हवं होतं. पण सुट्टी शनिवार-रविवारचीच ना आपली.

तिथी न बघता बुकिंग करणे

हसू नका, आमचं सगळं इथेच फिस्कटलं. तिने फोनवर सांगितलं होतं की शनिवारी एकादशी आहे. मी हो हो म्हणालो आणि विसरलो. दुपारी अलिबागच्या खानावळीत बसलो तर भिंतीवरच्या बोर्डावर सुरमई, बोंबील, कोळंबी, जिताडा, शेजारच्या टेबलावर कोणीतरी खेकडा फोडतोय आणि आमची आई पदर नाकाला लावून गप्प. खिचडी आहे का विचारलं तर पोरगा म्हणाला डाळखिचडी मिळेल. शेवटी तिने पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला. तो तिने लातूरहूनच आणला होता, मुलावर किती भरवसा आहे बघा.

माळकरी किंवा शाकाहारी माणूस सोबत असेल तर उतरणार त्या घरी दोन दिवस आधी फोन करून सांगायचं. अलिबाग, नागाव, किहीमला घरगुती राहण्याच्या जागा भरपूर आहेत आणि तिथल्या मावश्या सांगितलं तर वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी असं मस्त करून देतात. वेगळी भांडी हवी असतील तर तेपण आधीच सांगा, ऐनवेळी तवा घासायला लावलात तर कोणालाही राग येणार. उपास असेल तर साबुदाणा, दाण्याचं कूट घरूनच न्या.

बोट, एसटी की गाडी

गेटवेवरून मांडव्याला बोटीने तासाभरात पोचतो, तिथून अलिबाग साधारण वीस किलोमीटर, काही बोटींच्या तिकिटातच पुढची बस धरलेली असते. ऐकायला सोपं आहे. पण गेटवेच्या ओल्या पायऱ्या उतरून हलणाऱ्या बोटीत पाय टाकायचा म्हणजे गुडघेवाल्या माणसाची परीक्षा. बोटीवरच्या पोराने आईचा दंड घट्ट धरला, मी मागून कंबर धरली, बायकोच्या हातात सगळ्या पिशव्या, मागची रांग चला चला ओरडतेय. वर पावसाळ्यात या बोटी बंदच असतात. ज्याला हे झेपणार नाही त्याने भाऊच्या धक्क्यावरून रो-रो घ्यावी, 2020 पासून चालू आहे, गाडीसकट आत जाता येतं. माहीत असूनही मी गेटवे निवडलं, कारण फोटो चांगले येतात. आता सांगायला लाज वाटते.

आईचं म्हणणं वेगळंच होतं, एसटीने जाऊ. बायकांना अर्धं तिकीट आहे ना, 2023 पासून. पंच्याहत्तरच्या पुढे तर फुकटच, ते ती शेजारच्या म्हाताऱ्यांचा हेवा करत सांगते. एसटी वाईट नाही, पण पेण-वडखळचं शनिवारचं ट्रॅफिक आणि बीपीच्या गोळीत लघवीची गोळी असेल तर मध्ये कुठे थांबणार याचा विचार करा. आणि कृपा करून थांबायला नको म्हणून ती गोळी आपल्या मनाने बुडवायला सांगू नका, वेळ मागेपुढे करता येते का ते डॉक्टरला विचारा. बोटीत मळमळत असेल तर खालच्या मजल्यावर मधोमध बसवा, मोबाईल बघू देऊ नका, लांब क्षितिजाकडे बघायला सांगा. आईला काही झालं नाही, मलाच झालं.

आणि हो, आईला कुठल्याही गोष्टीची खरी किंमत सांगायची नाही. रूमचं भाडं अर्धं करून सांगा. तरी महागच वाटतं.

भरती-ओहोटी न बघता किल्ल्यात जाणे

अलिबागला समुद्रातच कुलाबा किल्ला आहे, शिवाजी महाराजांच्या काळातला, पुढे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला होडी. आत गणपतीचं मंदिर आहे म्हटल्यावर आई लगेच तयार. आम्ही जेवून, रूमवर जरा पडून, चहा घेऊन पावणेचारला किनाऱ्यावर आलो. घोडागाडीवाला म्हणाला लवकर चला, पाणी भरायला लागलंय. मला वाटलं घाई करून गिऱ्हाईक पटवतोय.

मंदिर झालं आणि मग आईला ते गोड्या पाण्याचं ठिकाण दिसलं. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये पिण्याचं पाणी. तुम्हाला सांगतो, 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणायला लागलं होतं तिथल्या बाईला हे दाखवलं की तिचे पाय तिथेच रुततात. किती खोल आहे, उन्हाळ्यात आटतं का, उपसा कोण करतं, तिथल्या माणसाला ती एकेक विचारत होती. मी म्हणतोय आई चल, ती म्हणतेय थांब की रे, इतक्या लांबून आणलास ते पळायला का? तिकडे गाडीवाला शिट्ट्या मारतोय. परत येताना पाणी घोड्याच्या पोटाला लागत होतं, आईने एका हाताने लुगडं आणि दुसऱ्या हाताने माझी मान धरली होती आणि पूर्ण वेळ विठ्ठल विठ्ठल चालू होतं. चालत गेलो असतो तर काय झालं असतं याचा विचार मी अजून नीट केलेला नाही.

तर भरतीचं गणित. हे मला रात्री रूमवाल्या मावशींनी सांगितलं, कोळ्यांचं जुनं आहे: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. एकादशी म्हणजे अकराची पाऊणपट सव्वाआठ, सकाळी सव्वाआठला भरती, म्हणजे अडीचच्या आसपास ओहोटी. आम्ही पावणेचारला निघालो होतो! शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकत जातं. आणखी एक, अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, तेव्हा पाणी पूर्ण हटत नाही, अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा खूप आत जातं पण येतंही तसंच जोरात. हा अंदाज झाला, किनाऱ्यावर पोचल्यावर होडीवाल्याला किंवा गाडीवाल्याला विचारायचंच, आणि तो लवकर या म्हणाला तर लवकर यायचं.

सगळं दाखवायची हौस

माझ्या यादीत कनकेश्वरचं देऊळपण होतं. डोंगरावर, शेकडो पायऱ्या. गुडघा गेलेल्या बाईला! बायकोने यादी बघितली आणि मोबाईल काढून घेतला, त्यामुळे ती चूक वाचली. सी-व्ह्यू रूम मात्र मी वरच्या मजल्यावर घेऊन ठेवली होती, लोखंडी जिना, कठडा एकाच बाजूला. मावशींनी आईची पावलं बघूनच खालची खोली उघडून दिली, कमोडवाली, खाटही बेताच्या उंचीची. बुकिंग करताना हे तीनच प्रश्न विचारा, तळमजला आहे का, कमोड आहे का, बाथरूममध्ये धरायला काही आहे का. समुद्र दिसतो का हा प्रश्न आपल्यासाठी असतो.

रविवारी सकाळी द्वादशी सोडायची होती आणि नाश्ता नऊला. सात वाजता मी उठून बघतो तर आई मावशींच्या पडवीत बसून पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात भाजायला, आणलेल्या वालाच्या शेंगा निवडतेय, समोर भात आणि बिरडं खाऊन ठेवलेली ताटली. दोघींचं सुनांवर चाललं होतं बहुतेक, कारण मी दिसल्यावर गप्प झाल्या. वर्सोलीच्या बीचवर जाऊ म्हटलं तर म्हणाली तुम्ही जाऊन या. आम्ही गेलो, मुलाने बनाना राईड केली, अकराला परत आलो तर ही तिथेच.

परवा लातूरहून फोन आला. म्हणाली, कालनिर्णय बघून ठेवलंय, पुढच्या खेपेला दशमीला जाऊ, एकादशी नको. "दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे पावणेदोनला पाणी खाली. बाराला जेवायचं अन् एकला निघायचं. तू झोपू नको दुपारचा."