गवताच्या परागकणांची ॲलर्जी: इंजेक्शनचा कोर्स नेमका कुठे फसतो

सोलापुरात पावसाळा सरताना शिंका, डोळ्यांची खाज सुरू झाली की सगळे गाजरगवताला शिव्या घालतात. नाव काहीही असो, ते गवत नव्हेच, सूर्यफुलाच्या कुळातलं. हराळीची लस, म्हणजे तिच्याच परागकणांचा अर्क थोडा थोडा टोचून शरीराला सवय लावणारी इंजेक्शनं, त्यावर चालणार नाही. म्हणून आधी स्किन प्रिक टेस्ट: कातडीवर वेगवेगळ्या अर्कांचे आणि एका साध्या द्रावणाचा थेंब टाकून हलकं टोचायचं, नि कुठे गांधी उठते ते बघायचं. तिच्या आधी साधारण 7 दिवस सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद, नाहीतर गांधी उठतच नाही. साध्या द्रावणाच्या जागेपेक्षा किमान 3 मिमी मोठी गांधी म्हणजे पॉझिटिव्ह.

इंजेक्शन दंडात, कातडीखाली. आठवड्याला एक, डोस वाढवत 3 ते 6 महिने. मग महिन्याला एक, 3 ते 5 वर्षं. प्रत्येक वेळी नंतर 30 मिनिटं बसायचंच, तेही ॲड्रेनलिन (जीवघेण्या रिॲक्शनवरचं तातडीचं औषध) हाताशी असलेल्या दवाखान्यात. दमा उसळलेला असेल तर त्या दिवशी डोस नाही. मोठा खाडा पडला तर पुढचा डोस कमी करावा लागतो, त्यामुळे मागची तारीख खरी सांगा.

खरी गोची उन्हाळ्यात. लसीची कुपी 2 ते 8 अंशांत हवी, बाहेर पारा 42 वर. नेताना बर्फाला थेट टेकली तर गोठून वाया जाते. मध्ये जाड टॉवेल घाला. घरी फ्रिजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात ठेवा.