बहिरी ससाण्याच्या घरट्यावर गोव्यातून पाळत

घरट्याचं थेट चित्रण इंटरनेटवर बघायला इंग्लंडमधल्या डर्बी कॅथेड्रल या चर्चवरचा कॅमेरा निवडा. एप्रिलमध्ये तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणून पणजी-म्हापसा-मडगावच्या मंडळींनी सकाळी अकरापासून दोन-दोन तासांच्या पाळ्या वाटून घ्याव्यात.

वहीत प्रत्येक अंड्याची तारीख लिहा. सुरुवातीची अंडी उघडी दिसली तर घाबरू नका. साधारण दोन दिवसांच्या अंतराने तीन-चार अंडी येतात आणि नेटाने उबवणं शेवटच्या एक-दोन अंड्यांनंतरच सुरू होतं. तिथून पिल्लं बाहेर येईपर्यंत सुमारे ३३ दिवस मोजा. बसताना मादीचे पाय बघाच: नख्या आत मिटून, अंग डुलवत ती अंड्यांवर टेकते. किती जपून! जोडीतला लहान चणीचा पक्षी दिसला, तर तो नर.

चित्र थिजल्यासारखं वाटलं तर पडद्यावरची वेळ पुढे सरकतेय का ते आधी पाहा. पिल्लं सहा आठवड्यांनी उडतात, तेव्हा इथे पावसाळा. वीज जाण्याआधी फोन चार्ज ठेवा.