फिल्टर बदलला की ताऱ्याचा कोन का बदलतो?

पोलरिमेट्रीत, म्हणजे प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजण्याच्या कामात, नव्याने येणाऱ्यांना मी आधी कॅल्साइटचा स्फटिक वर्तमानपत्रावर ठेवायला सांगते. प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. स्फटिक फिरवला की एक अक्षर जागेवर राहतं, दुसरं त्याच्याभोवती फिरतं. दुर्बिणीमागच्या उपकरणात हेच घडतं: एका ताऱ्याच्या दोन प्रतिमा आणि दोघींच्या तेजस्वितेतला किंचितसा फरक. तो फरक म्हणजेच ध्रुवीकरण: प्रकाशाची कंपनं एका दिशेत जास्त असणं. ती दिशा म्हणजे ताऱ्याचा कोन.

त्याआधी प्रकाश हाफ-वेव्ह प्लेटमधून, म्हणजे कंपनांची दिशा फिरवणाऱ्या चकतीतून येतो. ती आपण ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर ठेवतो. दोन स्थितींत गणित सुटतं, मग चार कशाला? प्लेट ४५ अंश फिरवली की दोन प्रतिमांच्या भूमिका बदलतात आणि उपकरणाचा स्वतःचा पक्षपात गुणोत्तरातून निघून जातो. मधेच विरळ ढग आला तरी दोन्ही प्रतिमा सारख्याच मंदावतात, म्हणून गुणोत्तर टिकतं. प्रकाशकण मात्र भरपूर लागतात: ०.१ टक्का अचूकतेसाठी साधारण दहा लाख.

वेगवेगळ्या रंगांचे फिल्टर कशासाठी? हॉल आणि हिल्टनर या खगोलशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये दाखवलं की ताऱ्यांचा प्रकाश वाटेतल्या धुळीमुळे ध्रुवित होतो. हे ध्रुवीकरण बहुधा ०.५५ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतं. ते शिखर कुठे येतं त्यावरून धूलिकण किती मोठे ते कळतं. एकाच फिल्टरमध्ये मोजून शिखर सापडणार कसं?

माझ्या पहिल्या प्रकल्पात निळ्यापासून अवरक्तापर्यंत कोन सहा अंशांनी सरकत गेला. वाटेत धुळीचे दोन ढग असले आणि त्यांची चुंबकीय क्षेत्रं वेगळ्या दिशांना असली तर असं होऊ शकतं, त्यामुळे दोन दिवस मी फार आनंदात होते. मग एचडी २०४८२७ हा प्रमाण तारा, म्हणजे ज्याचं ध्रुवीकरण आधीच नीट माहीत आहे असा तारा, तपासला. त्याचं ध्रुवीकरण सुमारे ५ टक्के, आणि या पट्ट्यात कोन जेमतेम दोन अंश बदलतो. माझ्या मोजणीत तोही तसाच सरकला होता. म्हणजे दोष प्लेटचा. अनेक पदरी प्लेट रंगानुसार आपला अक्षच थोडा फिरवते. वेगवेगळ्या रंगांना चालतील अशा प्लेट्सची रचना आपले भौतिकशास्त्रज्ञ पंचरत्नम यांनी १९५५ मध्ये मांडली. तो लेख जरूर वाचा, अक्ष का फिरतो ते त्यातून नीट उमजतं.

तेव्हापासून दर रात्री, दर फिल्टरमध्ये, एक ध्रुवित आणि एक अध्रुवित प्रमाण तारा मी घेतेच. अध्रुवित तारा शून्याऐवजी जे दाखवतो ते उपकरणाचं. तेवढं वजा करायचं, मग कोनाची दुरुस्ती, आणि त्यानंतरच आपला तारा.